एलएसयू डी१–डी२ वरचा डायनोफ्लॅजेलेटांचा वंशवृक्ष: टोकं पक्की, कणा डळमळीत

(प्रश्नोत्तरांची चर्चा; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खाडीकाठ

रत्नागिरी ते मालवण या पट्ट्यातल्या समुद्री डायनोफ्लॅजेलेटांचा (चाबकासारख्या शेपट्यांनी पोहणाऱ्या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा) वंशवृक्ष डीएनए-क्रमांवरून काढतो आहे. इथे वाचलेले २२ क्रम आणि जेनबँक या सार्वजनिक क्रम-साठ्यातून घेतलेले ६१, असे एकूण ८३. मार्कर, म्हणजे तुलनेसाठी वाचलेला भाग, एलएसयू आरडीएनएचा (रायबोसोमच्या मोठ्या उपघटकाच्या जीनाचा) डी१–डी२; प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे डीएनए तुकडे) डी१आर आणि डी२सी, तुकडा साधारण ७०० बेसचा. बहुतेक क्रम एकेका पेशीवरून केलेल्या पीसीआरचे, त्यातल्या नऊ पेशी ल्यूगॉल या आयोडीनच्या द्रावणात ठेवलेल्या नमुन्यांतल्या. अलाइनमेंट, म्हणजे क्रम जागेला जागा लावून मांडणं, मॅफ्ट प्रोग्रॅमच्या 'ऑटो' पर्यायावर केलं, मग जीब्लॉक्स प्रोग्रॅमच्या मूळ सेटिंगने शंकास्पद जागांची छाटणी. उरल्या ३९० जागा. वृक्ष आयक्यू-ट्री प्रोग्रॅममध्ये, अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांदी किती भक्कम ते शंभरपैकी सांगणारा आधार) १००० वेळा, बाह्यगट, म्हणजे वृक्षाचं मूळ ठरवणारा बाहेरचा नातलग, पर्किन्सस.

टोकाकडचे गट छान जमतात. ट्रायपॉस एकत्र, डायनोफायसिस एकत्र, कारेनिया आणि कार्लोडिनियम शेजारी. पण आत कण्याकडे, म्हणजे मोठे गट जोडणाऱ्या जुन्या फांद्यांवर, आधार ५० च्याही खाली. कवचधारी गट एकत्र येत नाहीत, प्रोरोसेंट्रम दोन ठिकाणी फुटतो. नॉक्टिलुका सिंटिलान्स अँफिडिनियमला चिकटते, तेही ८८ आधाराने, आणि दोन्ही मिळून पर्किन्ससच्या लगेच वर बसतात. 'अलेक्झांड्रियम टॅमरेन्स' नावाचे जेनबँकेतले सहा क्रम तीन वेगळ्या फांद्यांवर गेले. शिवाय नॉक्टिलुकाच्या चार पेशींपैकी एकीचा क्रम चक्क डायटमचा निघाला.

दोष मार्करचा, अलाइनमेंटचा, की क्रमच खराब आहेत? आणि कण्याला आधार मिळावा म्हणून आणखी जीन जोडावेत का?

वंशावळ

तीन-चार वेगवेगळ्या अडचणी एकाच वृक्षात साचल्या आहेत, त्या सुट्या करून बघा. सगळ्यात आधी बाह्यगट.

पर्किन्सस हा डायनोफ्लॅजेलेटांचा जवळचा नातलग खरा, पण डी१–डी२ सारख्या झपाट्याने बदलणाऱ्या भागात तो फार दूर पडतो. त्याची फांदी लांब. अँफिडिनियमचा एलएसयूही असाच वेगाने बदललेला, फांदी लांब. नॉक्टिलुकाचं तेच. लांब फांद्या एकमेकींना ओढतात, कारण वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे झालेले सारखे बदल प्रोग्रॅम सामायिक वारसा म्हणून मोजतो. नॉक्टिलुका खोलवर, मुळाजवळ फुटते हे शेकडो जीनांवरच्या अभ्यासांतही दिसतं, त्यामुळे तुमच्या वृक्षातली तिची जागा ढोबळमानाने चूक नाही. पण अँफिडिनियमची सख्खी बहीण म्हणून ती तिथे येते, हे संशयास्पद.

तपासणी सोपी आहे. अँफिडिनियम पूर्ण काढून वृक्ष पुन्हा काढा आणि नॉक्टिलुका कुठे जाते ते बघा. मग उलट करा, नॉक्टिलुका काढून अँफिडिनियम ठेवा. तिसऱ्या वेळी दोन्ही ठेवा, पर्किन्सस काढा, वृक्ष मूळ न ठरवता बघा. यात कोणी जागा बदलली तर ते ८८ विसरा. अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपमध्ये तसाही ९५ च्या खालचा आकडा भक्कम धरत नाहीत. साध्या बूटस्ट्रॅपच्या ७० ची सवय इथे चालत नाही. सोबत एसएच-एएलआरटी ही फांद्या तपासणारी दुसरी चाचणी १००० वेळा घ्या आणि ज्या गाठीवर ते ८० च्या वर आणि बूटस्ट्रॅप ९५ च्या वर आहे तिच्यावरच बोला. बीएनएनआय पर्यायही चालू ठेवा, मॉडेल नीट बसत नसेल तेव्हा फुगलेले आकडे तो काही प्रमाणात खाली आणतो. आयक्यू-ट्रीच्या लॉगमध्ये सुरुवातीलाच प्रत्येक क्रमाची बेस-रचना चाचणी येते. तिथे 'फेल' लिहिलेली नावं वहीत उतरवा. बहुतेक वेळा तीच नावं लांब फांद्यांवर सापडतात.

आता अलाइनमेंट. डी२ मध्ये बेसांची घालघट (भर आणि गळती) इतकी आहे की 'ऑटो' पर्याय तिथे चाचपडतो. ८३ क्रम म्हणजे थोडेच; मॅफ्टचा क्यू-आयएनएस-आय वापरा, तो आरएनएची दुय्यम रचना लक्षात घेतो. साधारण २०० क्रमांपर्यंत, हजारएक बेसपर्यंत तो झेपतो. जीब्लॉक्सची मूळ सेटिंग एकही गॅप (रिकामी जागा) असलेला स्तंभ ठेवत नाही. ७०० तले ३९० उरले याचा अर्थ डी२ मधली जवळपास सगळी माहिती तुम्ही फेकली आणि सगळीकडे सारखंच असणारं तेवढं ठेवलं. ट्रिमएल या छाटणीच्या प्रोग्रॅमचा गॅपीआउट पर्याय घ्या, किंवा ५० टक्क्यांहून जास्त गॅप असलेलेच स्तंभ काढा. नंतर अलाइनमेंट डोळ्यांखालून घालाच. एखादा क्रम एका टप्प्यापर्यंत सगळ्यांसारखा आणि तिथून पुढे कोणासारखाच नाही असं दिसलं, तर तो बहुधा संकर क्रम आहे, म्हणजे दोन वेगळ्या डीएनएंचे तुकडे जोडून झालेला; सुरुवातीपासूनच कोणासारखा नसेल तर तो उलट दिशेने चढवला गेला असेल.

हे सगळं सुधारूनही कणा पक्का होणार नाही, हे आधीच धरून चला. ७०० बेसच्या तुकड्यात इतक्या जुन्या फाटाफुटीची खूण उरतच नाही. बदलांवर बदल होऊन ती पुसली जाते. गोन्यॉलॅकेलीज, डायनोफायसेलीज, स्युएसिएलीज हे गट रायबोसोमल जीनांवर नीट एकत्र येतात. पेरिडिनिएलीज आणि जुन्या अर्थाने जिम्नोडिनिएलीज येत नाहीत. त्यातला जिम्नोडिनिएलीजचा विखुरलेपणा तर खराच आहे, तो गट कधीच एका वंशाचा नव्हता. प्रोरोसेंट्रम फुटतो ते मात्र मार्करमुळे. एकट्या रायबोसोमल जीनावर तो बहुतेक वेळा असाच दुभंगतो आणि बरेच जीन एकत्र घेतले की जुळतो.

पिपेट

डायटमच्या क्रमाबद्दल. नॉक्टिलुका परपोषी आहे, तिच्या अन्नपुटिकेत डायटम असतातच. डी१आर–डी२सी हे प्रायमर फक्त डायनोफ्लॅजेलेटांचे नाहीत, डायटमचा डीएनएही त्यांनी पीसीआरमध्ये सहज वाढतो. जिवंत पेशी असेल तर गाळलेल्या समुद्रपाण्यात २४ ते ४८ तास उपाशी ठेवा, सूक्ष्मदर्शकाखाली पोट रिकामं दिसलं की मगच उचला. प्रोटोपेरिडिनियमलाही हाच नियम. उत्तर अरबी समुद्रातली हिवाळी, हिरवी नॉक्टिलुका कधी मिळाली तर उपास घालूनही भागणार नाही. तिच्या आत हजारोंनी हरित शैवाल राहतं आणि ते तिचं अन्न नव्हे, सहजीवी आहे. तिथे डायनोफ्लॅजेलेटांपुरता एक प्रायमर तरी लागतो, नाहीतर पीसीआरच्या प्रती जिवाणूंत क्लोन करून वेगळ्या करा.

एकेका पेशीवरचं काम डायनोफ्लॅजेलेटांत जमतं ते एका कारणाने: एका पेशीत आरडीएनएच्या प्रती हजारोंनी, काही अलेक्झांड्रियममध्ये लाखोंनी असतात. हीच सोय उलटतेही. पेशीसोबत आलेल्या पाण्याच्या थेंबात शेजारच्या फुटलेल्या पेशीचा डीएनए असला तरी पीसीआर त्याचाच होऊ शकतो. म्हणून प्रत्येक पेशी निर्जंतुक, गाळलेल्या पाण्याच्या पाच-सहा थेंबांतून एकामागून एक न्या, दर वेळी नवी केशनलिका घेऊन. आणि शेवटच्या थेंबातलं १ मायक्रोलिटर पाणी पेशीविना स्वतंत्र नळीत घालून तेही पीसीआरला लावा. साध्या पाण्याचं ऋण नियंत्रण (डीएनए न घातलेली नळी) रसायनांचा दोष दाखवतं, धुण्याचा नाही. या थेंबातून पीसीआरचा पट्टा (डीएनए वाढल्याची खूण) दिसला तर त्या पेशीचा क्रम वापरू नका.

ल्यूगॉलमधल्या नऊ पेशींकडे वेगळं बघा. आयोडीन पीसीआर अडवतं, आणि आम्लयुक्त ल्यूगॉलमध्ये महिनोन्‌महिने पडलेला डीएनए तुटत जातो. पेशी उचलल्यावर सौम्य सोडियम थायोसल्फेटच्या थेंबात तपकिरी रंग पूर्ण जाईपर्यंत ठेवा, मग ऊर्ध्वपातित पाण्यात तीनदा धुवा. कवच जाड असेल तर नुसत्या उष्णतेने पेशी फुटत नाही. ०.२ मिलीच्या नळीत २ ते ५ मायक्रोलिटर पाण्यात घेऊन दोन-तीन वेळा गोठवा-वितळवा, मग ९५ अंशांवर १० मिनिटं. सूक्ष्मदर्शकाखाली कवच उघडलेलं दिसलं पाहिजे. पट्टा फिका आला तर पहिली फेरी डी१आर–डी३बी, ३५ चक्रं. तिचं उत्पादन ५० पट पातळ करून दुसरी फेरी डी१आर–डी२सी, २५ चक्रं. दोन्हींत ५५ अंशांवर जोडणी. पुढे नमुने गोळा करताना निम्मा भाग ल्यूगॉलमध्ये मोजणीसाठी आणि निम्मा इथेनॉलमध्ये डीएनएसाठी, असा किनाऱ्यावरच वेगळा करा. फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्याच्या वाटेला जाऊ नका.

सँगर पद्धतीने वाचलेल्या क्रमाच्या आलेखात एका जागेपासून पुढे सगळी शिखरं दुहेरी दिसतात का, तेही तपासा. ते बहुतेक वेळा घाण नसून एकाच पेशीतल्या आरडीएनएच्या दोन प्रकारच्या प्रती असतात, एकीत एखादा बेस कमी-जास्त. अलेक्झांड्रियममध्ये अशा निकामी, छद्म प्रतीही सापडल्या आहेत. अशा वेळी ८ ते १० क्लोन वाचा. एकाच क्लोनमध्ये दिसणारा सुटा बदल ही एन्झाइमची चूक समजा. दोन-तीन क्लोनांत तोच बदल आला तर ती खरी प्रत. जी प्रत सगळ्या डायनोफ्लॅजेलेटांत स्थिर असलेल्या जागांवरही बदललेली दिसते ती छद्म. ती वृक्षात घातली की विनाकारण लांब फांदी उगवते.

कवचपट्टी

अलेक्झांड्रियम टॅमरेन्स तीन फांद्यांवर गेली यात तुमच्या वृक्षाचा काही दोष नाही. वृक्ष बरोबर सांगतो आहे, नावाच्या चिठ्ठ्या जुन्या आहेत.

टॅमरेन्स, कॅटेनेला आणि फंडियेन्स या तीन जाती पेशींचा आकार, साखळी आणि पहिल्या शिखर-पट्टिकेवरचं (टोकाकडच्या कवचाच्या तुकड्यावरचं) छिद्र यांवरून वेगळ्या केल्या जात. एलएसयूवर मात्र पाच गट दिसले आणि ते या नावांशी जुळेनात. एकाच गटात तिन्ही रूपं सापडली. २०१४ मध्ये पाचही गटांना जातींचा दर्जा मिळाला. आता गट १ म्हणजे कॅटेनेला, गट २ मेडिटेरेनियम, गट ३ टॅमरेन्स, गट ४ पॅसिफिकम, गट ५ ऑस्ट्रेलिएन्स. त्यातही एक वळण आहे: २०१४ च्या मांडणीत गट १ ला फंडियेन्स म्हटलं होतं, नंतर नामकरणाच्या नियमांनुसार कॅटेनेला हे जुनं नाव कायम राहिलं. म्हणून २०१४ ते २०१८ मधल्या नोंदीतली 'फंडियेन्स' आणि आजची 'कॅटेनेला' एकच, पण त्याआधीची आशियातली 'कॅटेनेला' पुष्कळदा गट ४, म्हणजे पॅसिफिकम. हे नुसतं पुस्तकी नाही. पक्षाघाती शिंपला-विषाचा (यातल्या काही जाती बनवतात ते, शिंपल्यांतून माणसात जाणारं विष) इशारा कुठल्या किनाऱ्याला द्यायचा ते या नावावरून ठरतं, आणि गट २ मध्ये हे विष आढळलेलं नाही. जेनबँकेतलं नाव न बघता प्रत्येक संदर्भ-क्रम कुठल्या गटात पडतो ते पाहून चिठ्ठी स्वतः लावा, आणि नोंद-क्रमांक फांदीवर राहू द्या.

बाकी संदर्भांचीही हीच गत आहे. समुद्री सेरेशियम आता ट्रायपॉस, मधली काही वर्षं ते निओसेरेशियम होतं. जिम्नोडिनियम ब्रेव्ह आणि मिकिमोटोई २००० साली कारेनियात गेले, सँग्विनियम अकाशिवोत. त्या फेरबदलाचा आधार एलएसयू आणि शिखरावरच्या खाचेचा आकार असा दुहेरी होता: कारेनियात सरळ खाच, खऱ्या जिम्नोडिनियममध्ये घोड्याच्या नालासारखी. असं दुहेरी प्रमाण असलं की नाव टिकतं. गोलसर गॅम्बिएरडिस्कस २०१५ पासून फुकुयोआ. प्रवाळातले सिंबायोडिनियमचे 'क्लेड' २०१८ पासून स्वतंत्र प्रजाती (जातींच्या वरची पातळी): ए सिंबायोडिनियमच राहिला, बी ब्रेव्हिओलम, सी क्लॅडोकोपियम, डी ड्युरुसडिनियम. मालवणच्या प्रवाळांतले क्रम घेणार असाल तर हे लागेल.

कॉक्लोडिनियम पॉलिक्रिकॉइडिस हे २०१७ पासून मार्गालेफिडिनियम. तुमच्या यादीत ते असेल तर संदर्भ म्हणून एकच क्रम घेऊ नका. पूर्व आशियाई, अमेरिकी-मलेशियाई आणि फिलिपिन्स असे त्याचे राइबोटाइप (रायबोसोमल जीनांवरून ओळखू येणारे प्रकार) एलएसयूवर स्पष्ट वेगळे होतात. २००८–०९ मध्ये ओमानच्या आणि इराणच्या आखातांत ज्या बहराने मासे मेले आणि खाऱ्या पाण्याचं गोडं करणारे प्रकल्प बंद पडले, तो अमेरिकी-मलेशियाई राइबोटाइपचा होता. अरबी समुद्राच्या या काठावरचे क्रम त्याच्या शेजारी ठेवून बघणं महत्त्वाचं.

खाडीकाठ

सांगितल्याप्रमाणे पुन्हा केलं. क्यू-आयएनएस-आय आणि गॅपीआउटनंतर ६३८ जागा उरल्या, टोकाकडच्या गाठींचा आधार बराच वाढला. अँफिडिनियम काढल्यावर नॉक्टिलुका तिथून उठली आणि ६१ आधाराने दुसरीकडे बसली. म्हणजे ओढ लांब फांद्यांचीच होती. ल्यूगॉलमधल्या नऊपैकी दोन पेशींच्या अखेरच्या थेंबात पट्टा आला, ते क्रम वगळले. अलेक्झांड्रियमचे संदर्भ गटांप्रमाणे लावल्यावर गोंधळ संपला.

कणा अजून तसाच. कवचधारी वंश एकच हे सर्वमान्य असताना वृक्षात ते का दिसत नाही, असा आक्षेप येणारच. त्यासाठी पीएसबीए किंवा कॉक्स१ हे जीन जोडले तर चालतील का? दुसरं, एक अलेक्झांड्रियम आणि एक स्क्रिप्सिएला कुठल्याच ज्ञात जातीशी जुळत नाही. नवी जाती म्हणायला किती फरक लागतो?

वंशावळ

पीएसबीए नको. तो प्लास्टिडाचा (पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या घटकाचा) जीन आहे आणि या गटात प्लास्टिडाची वंशावळ यजमानाच्या वंशावळीपेक्षा वेगळी आहे. कारेनिया आणि कार्लोडिनियमचं प्लास्टिड हॅप्टोफाइट या शैवालांकडून आलेलं. लेपिडोडिनियमचं हरित शैवालाकडून. ड्युरिन्स्किया, क्रिप्टोपेरिडिनियम यांच्यात अख्खा डायटम नांदतो. डायनोफायसिसचं तर चोरीचं: टेलिऑलॅक्स या क्रिप्टोफाइट शैवालाचं प्लास्टिड मेसोडिनियम हा एकपेशीय जीव खातो, मेसोडिनियमकडून डायनोफायसिस घेतं. पीएसबीएच्या वृक्षात डायनोफायसिस थेट क्रिप्टोफाइटांत जाऊन बसेल, आणि तो वृक्ष त्याच्या जागी खराच असेल. नॉक्टिलुकाला आणि प्रोटोपेरिडिनियमला बहुतेक प्लास्टिडच नाही, तिथे रकाना रिकामा. ज्यांचं मूळचं पेरिडिनिन या रंगद्रव्याचं प्लास्टिड आहे त्यांच्यात हे जीन दोन-तीन हजार बेसच्या छोट्या वर्तुळांवर सुटे-सुटे असतात आणि भरधाव बदलतात. एकत्र जोडलेल्या अलाइनमेंटमध्ये यातला एकही जीन घातला तर दोन वेगळे इतिहास एका वृक्षात कोंबले जातील.

कॉक्स१ चा त्रास निराळा. डायनोफ्लॅजेलेटांच्या मायटोकाँड्रियात प्रथिनांचे जीन तीनच: कॉब, कॉक्स१, कॉक्स३. त्यांच्या तुटक्या, अर्धवट प्रती विखुरलेल्या असतात, त्यामुळे डीएनएवरून वाचताना निकामी तुकडा हाती येण्याची भीती. वर आरएनएचं संपादन: डीएनएतला बेस आणि आरएनएतला बेस पुष्कळ जागी वेगळा. जेनबँकेत काही क्रम डीएनएवरून, काही सीडीएनएवरून (आरएनएपासून बनवलेल्या डीएनएवरून) वाचलेले आहेत. ते सरमिसळ घेतले तर एकाच जातीचे दोन क्रम वेगवेगळे भासतात. वापरायचाच तर कॉब वापरा, सगळेच एका प्रकारचे क्रम घेऊन. पण मधल्या गाठींना त्याने फार उजेड पडेल असं वाटत नाही. जवळच्या जातींत तो फारच सारखा असतो.

त्यापेक्षा त्याच पेशीचा एसएसयू (रायबोसोमच्या लहान उपघटकाचा जीन), आयटीएस (या जीनांमधला भाग) आणि एलएसयूचा डी१–डी३ असा सलग सुमारे ३,३०० बेसचा पट्टा वाचा. लांब तुकड्यांचा पीसीआर आणि लांब क्रम सलग वाचणारं नॅनोपोर तंत्र यांनी तो एका दमात मिळतो. अट एकच: तिन्ही भाग एकाच पेशीचे किंवा एकाच संवर्धनाचे हवेत. जेनबँकेतून एका नावाखाली एकाचा एसएसयू आणि दुसऱ्याचा एलएसयू जोडू नका. अलेक्झांड्रियममध्ये काय झालं ते वर आलंच आहे.

कवचाबद्दलच्या आक्षेपाचं उत्तर वृक्ष ओढूनताणून देऊ नका, चाचणीने द्या. कवचधारी सगळे एकत्र, एवढीच अट घातलेला वृक्ष आयक्यू-ट्रीला द्या आणि त्या अटीखाली सर्वोत्तम वृक्ष काढा. मग तो आणि तुमचा मोकळा वृक्ष यांची एयू चाचणी (कोणता वृक्ष नाकारता येतो ते सांगणारी) लावा, १०,००० पुनरावृत्ती. अट घातलेल्या वृक्षाचा पी ०.०५ च्या वर आला तर निष्कर्ष असा लिहायचा: 'या तुकड्यावरून कवचाचा एकच उगम सिद्ध होत नाही आणि नाकारलाही जात नाही.' एकच उगम दाखवला तो २०१७ च्या १०१ जीनांवरच्या ट्रान्सक्रिप्टोम-अभ्यासाने (ट्रान्सक्रिप्टोम म्हणजे पेशीतल्या सगळ्या एमआरएनएचा संच). ७०० बेसकडून ते अपेक्षित नाही, आणि तसं लिहिण्यात कमीपणाही नाही. ०.०५ च्या खाली आला तर मात्र आधी एकेक लांब फांदी काढून चाचणी पुन्हा करा.

ज्या क्रमांची फक्त जागा ठरवायची आहे त्यांच्यासाठी आणखी चांगली वाट म्हणजे बऱ्याच जीनांवरून ठरलेल्या कण्याला बांधून संदर्भवृक्ष काढायचा आणि ईपीए-एनजी या प्रोग्रॅमने आपले २२ क्रम त्यावर नेऊन ठेवायचे. प्रत्येक जागेचं वजन तो आकड्यात देतो. एकाच क्रमाचं वजन चार फांद्यांवर वाटलं गेलं असेल तर त्या क्रमाबद्दल मौन पाळा.

पिपेट

यात एक भर. पुढे कधी एका पेशीचा ट्रान्सक्रिप्टोम करायचा झाला तर डायनोफ्लॅजेलेटांच्या एमआरएनएच्या पुढच्या टोकाला २२ बेसचा एक ठरावीक तुकडा जोडलेला असतो, स्प्लाइस्ड लीडर. त्याच्यावर प्रायमर बसवला की पोटातल्या डायटमचा एमआरएनए बाजूला राहतो. नॉक्टिलुकासारख्या खादाड पेशीसाठी हा फार मोठा आधार आहे.

कवचपट्टी

नव्या जातीबद्दल. डी१–डी२ वर कुठलाही एक आकडा चालत नाही, प्रत्येक प्रजातीत बदलाचा वेग वेगळा. आयटीएस१–५.८एस–आयटीएस२ वर मात्र २००७ पासून एक उंबरठा वापरात आहे: दोन क्रमांतलं दुरुस्ती न केलेलं पी-अंतर (वेगळ्या निघालेल्या बेसांचं प्रमाण) ०.०४ किंवा जास्त असेल तर जाती वेगळ्या. 'दुरुस्ती न केलेलं' हे शब्द महत्त्वाचे. कुठलंही प्रतिस्थापन-मॉडेल लावून काढलेलं अंतर फुगतं, आणि मग उंबरठ्याला अर्थ राहत नाही. गॅप जोडीजोडीने वगळा. उलट दिशेने तो लावू नका: ०.०४ च्या खाली आहे म्हणजे जाती एकच असं ठरत नाही. प्रवाळातल्या सहजीवी वंशांना तर तो लागूच करू नका. तिथे जाती फार जवळच्या आहेत आणि एकाच पेशीतल्या आयटीएस२ च्या प्रतींतही फरक असतो.

स्क्रिप्सिएला अ‍ॅक्युमिनाटा, जुनं नाव ट्रोकॉइडिया, हा अनेक लपलेल्या जातींचा गठ्ठा आहे. तुमचा क्रम त्यातल्याच एखाद्या निनावी फांदीवर बसेल, आधी तिथले संदर्भ भरपूर घ्या. अलेक्झांड्रियमसाठी फक्त गोन्यॉलॅकेलीजचा वेगळा वृक्ष काढा आणि बाह्यगट म्हणून हेटेरोकॅप्सा घ्या. लहान प्रश्नावर हाच तुकडा छान उत्तर देतो. आणि क्रम वाचण्याआधी त्या पेशीचा फोटो आहे का? कॅल्कोफ्लुअर या कवच उजळवणाऱ्या रंगाने रंगवून पहिली शिखर-पट्टिका, तिचं छिद्र आणि मागची खाच-पट्टिका टिपलेली हवी. पीसीआरला पेशी गेली की पुन्हा बघता येत नाही. फोटो नसेल तर त्या क्रमाला सध्या 'अलेक्झांड्रियम, जाती अनिश्चित' एवढंच नाव द्या आणि त्याच जागेच्या पाण्यातून संवर्धन उभं करा.